वाचक विचारतात : लिथुआनियाला निघालोय, चर्च सोडून काय बघू?

प्रश्न : आमचा मुलगा तिथल्या राजधानीत, व्हिल्नियसला शिकायला आहे, जूनमधे मी आणि आमची मंडळी आठवडाभर तिकडं जाणार आहोत. यूट्यूबवर बघितलं तर चर्च, मग किल्ला, मग परत चर्च. मी हायस्कूलला इतिहास शिकवायचो, आता रिटायर झालोय. नुसते फोटो काढून यायचं नाहीये. नेमकं काय बघावं? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : सर, चर्च बघू नका असं मी म्हणणार नाही, सेंट अ‍ॅनचं लाल विटांचं गॉथिक चर्च तर चुकवूच नका, पण त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको, ओल्ड टाउनमधे पायी फिरताना ती आपोआप लागतात. हा सगळा जुना भाग १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तुम्ही मात्र पहिला दिवस टीव्ही टॉवरला द्या. टूरिस्ट लोक वर फिरत्या रेस्टॉरंटमधे कॉफी प्यायला जातात, तुम्ही आधी खाली थांबा.

झालं असं की लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडल्याचं जाहीर केलं. मॉस्कोला ते मान्य नव्हतं, आणि १३ जानेवारी १९९१ च्या पहाटे रणगाडे या टॉवरवर आले. टॉवरभोवती साधी माणसं उभी होती, हातात शस्त्र नाही, काही नाही, कुणी गाणी म्हणत होतं. त्या रात्री १४ जण मारले गेले, त्यात लोरेता आसानाविच्यूते ही एकटी मुलगी, वय २३, रणगाड्याखाली आली. आज आजूबाजूच्या रस्त्यांना त्या लोकांची नावं आहेत. दरवर्षी १३ जानेवारीला सकाळी ८ वाजता लोक खिडकीत मेणबत्ती लावतात आणि दिवसभर छातीवर निळ्या फुलाचा बॅज असतो.

आता सर, तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्याकडं सोलापुरात १२ जानेवारी म्हणलं की चार हुतात्म्यांचा चार पुतळा आठवतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, चौघांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली, सोलापुरातल्या १९३० च्या इंग्रजांच्या मार्शल लॉनंतर. दोन्ही घटनांत साठ वर्षांचं अंतर आहे आणि कारणंही वेगळी आहेत, तरी सोलापूरच्या माणसाला त्या टॉवरखाली काय वाटेल ते दुसऱ्या गावच्या टूरिस्टला वाटणार नाही असं मला मनापासून वाटतं. मुलालाही सोबत न्या, तो तिथं राहतो म्हणजे त्याने हे बघितलं असेलच असं नाही.

दुसरी जागा म्हणजे गेदिमिनास रस्त्यावरचं केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचं जुनं ऑफिस, आता म्युझियम आहे, जर्मन होते तेव्हा त्यांचे गुप्त पोलीस गेस्टापो पण इथंच. बाहेरच्या दगडी भिंतीवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरलीत, ती वाचतच आत जा. तळघरात कोठड्या जशाच्या तशा ठेवल्यात. एका कोठडीत जमिनीवर थंडगार पाणी सोडायचे आणि मधे एवढासाच एक गोल ओटा, कैद्याने त्याच्यावर उभं राहायचं, झोप लागून तोल गेला की पाण्यात. शेवटी गोळ्या घालायची खोली आहे, १९४४ पासून १९६० च्या सुमारापर्यंत हजाराहून जास्त लोक तिथं संपवले. वहिनींना आत यायचं नसेल तर आग्रह करू नका, खरंच जड जातं. सोमवारी तिकडं बहुतेक म्युझियम बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरवा.

गेदिमिनासचा बुरूज चढून घ्या, वरून सगळं शहर दिसतं. या राजाच्या १३२३ च्या पत्रात व्हिल्नियसचं नाव पहिल्यांदा येतं. खाली कॅथेड्रल चौकात एक खास फरशी आहे, २३ ऑगस्ट १९८९ ला सोव्हिएत राजवटीविरुद्ध व्हिल्नियस ते रिगा (लॅटव्हिया) ते टॅलिन (एस्टोनिया) अशी सुमारे २० लाख लोकांनी हातात हात घालून साखळी केली होती त्याची ती आठवण.

एक दिवस कौनासचा, रेल्वेने तासाभराचंच अंतर. १९२० ते १९३९ व्हिल्नियस पोलंडच्या ताब्यात होतं तेव्हा राजधानी इथं हलवली आणि त्या काळात बांधलेल्या बिल्डिंगांसाठी २०२३ मधे युनेस्कोचा मान मिळाला. पण तुम्ही शिक्षक, तुमच्यासाठी तिथलं खरं काम म्हणजे वॉर म्युझियमच्या बागेतला पुस्तकवाहकाचा पुतळा. तेव्हा इथं रशियाचं राज्य होतं, झारने १८६४ पासून १९०४ पर्यंत लॅटिन अक्षरात लिथुआनियन भाषा छापायलाच बंदी घातली होती, चाळीस वर्षं. मग पुस्तकं सरहद्दीपलीकडं प्रशियात, म्हणजे जर्मन मुलखात छापायची आणि शेतकरी लोकांनी पाठीवर पोतं मारून रात्री चोरून आणायची, पकडलं तर गोळी नाहीतर सायबेरिया. आणि ती पुस्तकं कसली, तर प्रार्थनेची, पंचांगं, मुलांची अंकलिपी! प्रत्येक मराठी शाळेत हे सांगायला पाहिजे. त्याच शहरात जपानी अधिकारी चिउने सुगिहारा यांचं घर आहे, १९४० मधे त्यांनी हजारो ज्यूंना व्हिसा लिहून देऊन वाचवलं. व्हिल्नियसमधे एवढे ज्यू होते की त्याला उत्तरेचं जेरुसलेम म्हणायचे, त्यातल्या बहुतेकांना दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना शहराबाहेर पानेर्यायच्या जंगलात मारलं, तिथंही जाऊन या.

एवढं बघून मन जड होईल म्हणून शेवटचा दिवस त्राकायला, तळ्यातला किल्ला आहे, अर्ध्या तासावर, बोटीत बसा.

प्रश्न : आमचा टॉवेल-चादरीचा धंदा आहे, तिकडचं लिनन नावाजलेलं आहे म्हणतात. बघण्यासारखं काही आहे का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : आहे की. लिनन म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाचा धागा. आपण दाण्यासाठी पेरतो आणि चटणी करतो, ते दाट पेरून उंच वाढवतात आणि काडीतून धागा काढतात. काड्या दवात किंवा पाण्यात कुजवायच्या, मग झोडायच्या, मग विंचरायच्या, फार मेहनतीचं काम आहे. कौनासजवळ रुमशिश्केसला जुनी शेतघरं उभी केलेलं मोठं खुलं म्युझियम आहे, तिथं घरातले हातमाग बघायला मिळतात. आणि हाताने विणलेले पट्टे बघाच, बोटभर ते चार बोटं रुंदीचे, दोन्हीकडं घट्ट कड आणि मधे ताण्याचे धागे उचलून काढलेली चौकट-चांदणीची नक्षी. लग्नात, सत्कारात तिकडं हे पट्टेच देतात. मार्चच्या सुरुवातीला जाणार असाल तर व्हिल्नियसच्या रस्त्यांवर सेंट कॅझिमिरची जत्रा भरते, सगळे कारागीर एका जागी सापडतात आणि भावही थेट त्यांच्याशी बोलता येतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, तिकडं खायचे हाल होतील का? सोबत काय नेता येईल? (पार्क चौक)

उत्तर : हाल नाही होणार, पण प्रत्येक वेळी विचारून घ्यावं लागेल. बटाट्याच्या पॅनकेकवर सुद्धा वरून डुकराच्या चरबीचे तुकडे टाकून देतात, म्हणून ऑर्डर देतानाच नको म्हणून सांगा. चेपेलिनाय नावाचे मोठे बटाट्याचे गोळे मांस भरून असतात, पण पनीरासारखा चक्का भरलेलेही मिळतात. बिटाचं गुलाबी थंड सूप मात्र उन्हाळ्यात रोज घ्या, ताकासारख्या केफिरात बीट, काकडी आणि शेपू, बरोबर गरम बटाटे, अंडं नको असेल तर आधी सांगा. राय नावाच्या गव्हासारख्या धान्याची काळी पाव-भाकरी सगळीकडं मिळते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही बॅगेत टाकू नका, युरोपियन युनियनमधे बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. आणि व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो लागतो, जायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स कंपल्सरी आहे, जूनला जायचं असेल तर मार्चमधेच हलवा कागदं.