शिकारी पक्ष्यांची वसंतातील गणना : रिकामे तासही लिहा

अमेरिकेच्या मेन राज्यातील ब्रॅडबरी माउंटनच्या माथ्यावर एप्रिलमध्ये केलेली तुमची स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी शेजारी बसलेल्या निरीक्षकाशी जुळत नाही, आणि ती ज्या कार्यालयाला पाठवली तेथून ‘तासांचा तपशील नको, फक्त बेरीज कळवा’ असे उत्तर आले, हे वाचून राहवले नाही. मीही अमेरिकेच्या याच ईशान्य भागात, न्यू इंग्लंडमध्येच, पण दुसऱ्या डोंगरावर मोजतो. त्या डोंगराचे नाव मुद्दाम देत नाही.

पक्षी ओळखण्याविषयी लिहीत नाही, ते तुम्हाला येत असणारच. आकडे न जुळण्याचे कारण बहुधा ब्रॉड-विंग्ड हॉक (रुंद पंखांचा एक शिकारी पक्षी) हेच असावे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून परतणारे हे पक्षी एप्रिलच्या उत्तरार्धात थव्याने येतात आणि वर चढणाऱ्या उष्ण हवेत घिरट्या घालत उंची गाठतात. त्या गर्दीत मोजू नये, कारण खालून नवे पक्षी शिरत असतात आणि वरून जुने निघत असतात. वरच्या टोकाला पंख किंचित आखडून ते उत्तरेकडे घसरू लागले, की टोलनाक्यावरून एकेक गाडी सुटावी तसे रांगेत येतात. मोजायचे ते तेव्हाच. निरभ्र निळ्या आभाळात ते दिसेनासे होतात, त्यामुळे ढगांच्या कडा आधी धुंडाळाव्यात.

दुसरे कारण स्थानिक पक्षी. ब्रॅडबरीचा माथा जेमतेम 485 फुटांचा आणि पुढ्यात कॅस्को उपसागर, त्यामुळे तेथे वावरणारे ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) आणि टर्की व्हल्चर (तिकडचे एक गिधाड) दिवसभर दिसत राहणार. आमच्याकडे डाव्या पंखातले एक लांब पीस गळालेले टर्की व्हल्चर उत्तरेकडे गेले म्हणून नोंदले जाई आणि अर्ध्या तासाने पाठीमागच्या झाडांवरून पुन्हा समोर येई. ती फट दिसली नसती तर एकाच पक्ष्याची चार स्थलांतरे झाली असती. क्षितिजापार जाईपर्यंत जो पक्षी वळला नाही, तोच मी धरतो. तुमच्या गणनास्थळाचा नियम वेगळा असल्यास अर्थातच तो पाळावा.

आता त्या कार्यालयाविषयी. तसाच अनुभव मलाही आला आहे. माझ्या नोंदी ज्यांनी मागितल्या, त्यांनी मूळ तक्ते हवेत म्हणून आग्रह धरला. तेथील कोणीतरी, पक्षी न दिसलेले सर्व तास ‘निरीक्षण नाही’ असे समजून गाळले, उरलेल्यांची दिवसवार बेरीज केली आणि मूळ कागद परत करण्याचे नाव काढले नाही. दूरध्वनी केला की हे आमच्या विभागाकडे येत नाही, आणि पत्र लिहिले की आपले पत्र पुढे पाठवले आहे, एवढेच उत्तर मिळे. वाऱ्यापावसात बसून शून्य पक्षी मोजणे आणि डोंगरावर न जाणे यांतला फरक ज्यांना समजत नाही, त्यांच्याकडे अशी माहिती जावीच कशाला? तासाला किती पक्षी गेले हे काढता येत नसेल, तर एका वसंताची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही. माझा तो संपूर्ण हंगाम त्यामुळे निकामी ठरला.

म्हणून माझे मत, थोडे कडवट वाटले तरी, असे आहे की मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, आणि प्रत्येक तासासमोर वारा, ढग, दृश्यमानता व निरीक्षकांची संख्या लिहून, पक्षी नसल्यास तेथे ठळक शून्य मांडावे. उत्तर अमेरिकेच्या हॉक मायग्रेशन असोसिएशनचा तक्ता तासवार आहे. ही संस्था 1974 पासून काम करते आणि ब्रॅडबरीवरही 2007 पासून 15 मार्च ते 15 मे अशी नियमित वसंत-गणना होत आली आहे. तेव्हा स्वतःचा वेगळा तक्ता आखण्यापेक्षा त्या गणनेतच सामील होणे मला शहाणपणाचे वाटते. तेथे वेळ प्रमाणवेळेत लिहितात. मार्चमध्ये घड्याळे तासाभराने पुढे जातात, त्यामुळे हातातल्या घड्याळात दहा वाजले असतील तर तक्त्यात नऊ लिहावे लागतात. कदाचित तुमच्या शेजाऱ्याशी असलेला काही फरक एवढ्यानेच मिटेल.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मे महिन्यात काळ्या माश्या आणि गोचिडी फार असतात. पँटची टोके मोज्यांत खोचून बसावे.