जॉइनिंग दहा आठवड्यांवर, मोती आणि मनीचं काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्या नवऱ्याला बर्लिनला जॉब मिळालाय, ब्लू कार्डवर (तिकडचा नोकरीचा परवाना), जॉइनिंग दहा आठवड्यांनी आहे. घरात आम्ही दोघं आणि मोती-मनी. मोती सहा वर्षांचा देशी कुत्रा, 17 किलोचा, आणि मनी मांजर, चार किलोची. रेबीजची लस दरवर्षी देतो, कार्ड आहे, चिप नाही. एक एजंट म्हणाला लस झालीये ना मग महिन्याभरात होईल सगळं. सासूबाई म्हणतात गावाला शेतावर सोडा, मजेत राहतील. नवरा म्हणतो यांना सोडायचं असेल तर मला ती नोकरीच नको. माझीही इथे नोकरी आहे. काहीच सुचत नाहीये.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि आधी हेच सांगते की महिन्याभरात होणार नाही, त्या एजंटला पैसे देऊ नका. भारतातून युरोपियन युनियनमध्ये कुत्रा-मांजर न्यायचं तर आधी 15 आकडी मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) लागते आणि चिप बसवल्यानंतर दिलेलीच रेबीजची लस धरली जाते, म्हणजे इतकी वर्षं नेमाने दिलेल्या लसी तिथल्या कागदांसाठी उपयोगाच्या नाहीत, वाईट वाटतं पण तसं आहे. चिप आणि लस एकाच दिवशी चालते, फक्त चिप आधी. मग किमान 30 दिवसांनी रक्त घ्यायचं, ते युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबमध्येच तपासायचं, रिपोर्टमध्ये अँटीबॉडी (लसीमुळे रक्तात तयार होणारं संरक्षण) दर मिलीलिटरला 0.5 आययू (मोजायचं एकक) किंवा जास्त हव्यात, आणि रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. म्हणजे उद्या सुरू केलंत तरी चार महिने. मांजरालाही हेच सगळं.

तेव्हा नवऱ्याला पुढे जाऊ दे आणि तुम्ही दोघांना घेऊन मागून जा, मला हाच मार्ग बरा वाटतो. तुम्ही राजीनामा आत्ता अजिबात देऊ नका, तुमच्या फॅमिली व्हिसालाही वेळ लागणारच आहे, तो याच महिन्यांत होऊन जाईल (ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, आणि तिथे गेल्यावर नोकरीही करता येते). चिपची नोंदणी आणि सगळे कागद तुमच्या नावावर ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण प्राणी मालकाच्या प्रवासाच्या पुढे-मागे पाच दिवसांच्या आत गेले तरच ते घरचे पाळीव म्हणून जातात, नाहीतर व्यापारी मालाचे नियम लागतात आणि खर्च वाढतो. रिलोकेशनच्या, म्हणजे स्थलांतराच्या, पैशात प्राण्यांचा खर्च धरलाय का, तेही नवऱ्याला सही करायच्या आधी एचआरला विचारायला सांगा.

शेतावर सोडायचं म्हणाल तर सासूबाईंचा हेतू चांगलाच असेल, पण सहा वर्षं सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला गावची कुत्री त्यांच्या हद्दीत घेत नाहीत, फाडतात. मनी तर घर शोधत बाहेर पडेल आणि हरवेल. त्यांना हे शांतपणे सांगा, चार महिने दोघं माझ्याकडेच आहेत म्हणा, विषय तिथेच थांबेल.

विमानाचं बोलायचं तर मुंबई-फ्रँकफर्ट थेट फ्लाइट घ्या, मधे बदलायचं नको. बऱ्याच युरोपियन एअरलाइन पिशवीसकट 8 किलोपर्यंतचा प्राणी केबिनमध्ये घेतात, म्हणजे मनी तुमच्या पायाशी, मोती खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, तिथे हवेचा दाब आणि तापमान नीट ठेवलेलं असतं. जागा मोजक्या असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी फोन करून दोघांचं पक्कं करा. झोपेचं औषध देऊ नका, वरती श्वासाला त्रास होऊ शकतो. निघायच्या आधीच्या दहा दिवसांत हेल्थ सर्टिफिकेट लागतं, त्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही हवी, त्यासाठी मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन या सरकारी कार्यालयाची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा. फ्रँकफर्टहून बर्लिन ट्रेनने साधारण चार तास, मोतीचं तिकीट काढावं लागेल आणि मुसकं घालावं लागेल, मनी पिशवीत फुकट.

बर्लिनला घर बघताना कुत्रा आहे हे नवऱ्याने घरमालकाला पहिल्याच भेटीत सांगावं, लपवून घेतलेलं घर पुढे डोक्याला ताप होतं. कुत्र्यावर वर्षाला 120 युरो टॅक्सही आहे तिथे.

आणि पिंजरा, म्हणजे मोतीचा क्रेट, आत्ताच आणा, उभं राहता येईल आणि वळता येईल एवढा, दार काढून हॉलमध्ये ठेवा, रोजचं जेवण त्यातच द्या, महिन्याभराने दार लावून बघा, आधी पाच मिनिटं मग अर्धा तास, त्याला तो स्वतःचा कोपरा वाटायला लागला की विमानात तोच एक ओळखीचा वास त्याच्याजवळ असेल. चिपची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घ्या, दोघांचीही.