पिवळं पडून वाळणारं सोयाबीन

प्रश्न : ताई, आमचं वावर दारव्हा तालुक्यात, काळं भारी. झड उघडली की सोयाबीन ठिकठिकाणी पिवळं पडून वाळतं, झाड हलकेच उपटून येतं. यंदा तर पिकाचे तासच्या तास (ओळीच्या ओळी) गेले. कोणतं औषध मारू?

उत्तर : भाऊ, फवारणीची घाई करू नका, रोग जमिनीत आहे. आधी वाळायला लागलेलं झाड मातीसकट काढा आणि बुंध्याशी बघा. पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील, तर ती स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीमुळे होणारी खोडकूज. तुमच्या वर्णनावरून मला तीच वाटते. दाणे नसतील, मूळ चिरल्यावर आत बारीक काळे ठिपके दिसले, तर मॅक्रोफोमिना ही दुसरी बुरशी. ती पावसाचा ताण पडल्यावर उचल खाते.

वाळलेलं झाड परत उभं राहणार नाही. रोगट झाडं उपटून जाळा. बांधावर किंवा शेणखताच्या उकिरड्यावर अजिबात टाकू नका. त्या दाण्यांतून बुरशी वर्षानुवर्षं जिवंत राहते. साचलेलं पाणी चर काढून बाहेर द्या.

खरं काम पुढच्या पेरणीआधीचं. उन्हाळ्यात खोल नांगरट करा. बियाण्याला किलोमागे ८ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, सावलीत सुकवा. पेरणी रुंद वरंबा सरीवर करा, दाट नको. आणि भाऊ, सोयाबीनमागे हरभरा, पुन्हा सोयाबीन हा फेरा मोडाच. हरभऱ्यालाही हीच बुरशी खाते. त्या पट्ट्यात एखादा हंगाम ज्वारी घ्या, कडबाही होईल.