अंधाऱ्या हॉलसाठी झाडं: आधी उजेड मोजा, मग नर्सरीत जा

तळमजल्यावरचा वन बीएचके, हॉलच्या खिडकीसमोर आठ-दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत, रोज नेमाने पाणी घालूनही एक अरेका पाम आणि दोन मनी प्लांट गेले, घरात मांजर आहे, तर आता कुठली झाडं आणू, असं तुम्ही विचारलंय. नावं सांगते, पण तुमच्या प्रश्नातलं ‘रोज नेमाने पाणी’ आधी धरते. मनी प्लांट बहुतेक त्यानेच गेले.

उजेड कमी असला की पानांतून पाणी कमी उडतं, मुळं कमी ओढतात आणि कुंडीतली माती दिवसेंदिवस ओलीच राहते. गच्च ओल्या मातीत हवा शिरत नाही, मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड मान टाकतं, आणि ते बघून आपण आणखी तांब्याभर ओततो. अरेकाचं कारण वेगळं. त्याला चांगला भरपूर उजेड लागतो. नर्सरीवाले ‘इनडोअर’ म्हणून विकतात, तो त्यांचा धंदा.

आता उजेड मोजा. फोनवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं. दुपारी बाराच्या सुमारास घरातले दिवे बंद करून, कुंडी ठेवायची तिथे फोन खिडकीकडे तोंड करून धरा. भर उन्हात हा आकडा लाखाच्या आसपास जातो आणि आपल्याला ‘बऱ्यापैकी उजेडाचा’ वाटणारा हॉल जेमतेम शंभर-दोनशे दाखवतो, कारण डोळे जुळवून घेतात, झाडाला ती सोय नाही. माझा ठोकताळा असा: शंभरच्या खाली नुसत्या खिडकीच्या भरवशावर काहीही ठेवू नका, दोनशे ते पाचशेमध्ये चिवट झाडं तग धरतात, हजाराच्या पुढे मग निवड करायला वाव आहे. काच आणि मच्छरदाणीची जाळी धुऊन पुन्हा मोजा, फरक दिसेल.

दिशेवरून अंदाज बांधत असाल तर परदेशी लेख जपून वाचा. ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही’ हे त्यांच्याकडे ठीक. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. अर्थात तुमच्यासमोर भिंतच आहे, त्यामुळे दिशेपेक्षा त्या भिंतीचा रंग जास्त महत्त्वाचा. पांढरी असेल तर नशीबवान आहात.

तुमच्या जागेत पहिलं झाड झेडझेड. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, कोरड्या दिवसांची सवय असलेलं. पिशवीतून काढून बघा, मुळांशी बटाट्यासारखे गड्डे दिसतील. तो त्याचा पाण्याचा साठा. कमी उजेडात तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरतं. नवीन दांडे बारीक, लांबट निघून खिडकीकडे झुकायला लागले की कुंडी अधूनमधून फिरवत राहा. स्नेक प्लांटही तसंच चिवट, फक्त वाढीची अपेक्षा ठेवू नका. अ‍ॅग्लोनिमा घ्यायचा तर हिरव्या-करड्या पानांचा. लाल-गुलाबी पानांच्या जातींना उजेड जास्त लागतो, अंधारात त्यांचा रंग विटतो. मनी प्लांटही साधा हिरवा बरा, कारण पानावरच्या पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तेवढं पान कमाई करत नाही. पीस लिली जगेल, फुलं येतील याची खात्री नाही.

पण मांजर. झेडझेड, अ‍ॅग्लोनिमा, मनी प्लांट, पीस लिली या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. स्नेक प्लांटही मांजरासाठी वाईटच. तुमचं मांजर पानं कुरतडणारं असेल तर ही झाडं त्याची उडी पोचणार नाही तिथे, नाहीतर सरळ स्पायडर प्लांट, कॅलेथिया किंवा चामेडोरिया पाम आणा. ही तिन्ही मांजराला निर्धोक, पण झेडझेडइतकी अंधार सोसणारी नाहीत. कॅलेथियाला आपली दमट हवा मानवते, एसीसमोर मात्र तिच्या पानांच्या कडा करपतात.

पाण्याला वार ठरवू नका. उदबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खोल खुपसा, मिनिटभराने काढा. माती चिकटून आली तर थांबा. पावसाळ्यात हे थांबणं बरंच लांबतं. भोकं नसलेली शोभेची चिनी मातीची कुंडी नको, वापरायचीच असेल तर आत प्लास्टिकची कुंडी ठेवा आणि तळाशी साचलेलं पाणी ओतून टाका. मातीत कोकोपीट (ओल धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी, भाताचं तूस किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) जास्त. बंद खोलीत शेणखताचा मारा केलात तर चिलटं होतील. पानं ओल्या फडक्याने पुसा, चकाकीसाठी तेल-दूध लावू नका. बाटलीतल्या पाण्यात मनी प्लांट ठेवलात तर पाणी दर आठवड्याला बदला, बाटली आतून घासून. डेंग्यूच्या डासाची अंडी तिथेच सापडतात, म्हणून तर पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरात येऊन मनी प्लांट बघतात.

हवा शुद्ध होईल म्हणून डझनभर कुंड्या आणणार असाल तर राहू द्या. झाडं हवा शुद्ध करतात म्हणून ज्याचा दाखला देतात, तो नासाचा 1989 चा प्रयोग लहान बंद पेटीतला होता. घरात तसा परिणाम दिसायला खोलीत चालायला जागा उरणार नाही इतकी झाडं लागतील. खिडकी उघडलेली बरी.

आणि आकडा शंभरच्या खाली आला तर 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब कपाटाच्या फळीखाली लावा, पानांपासून फूट-दीड फुटावर. तिथे हजार लक्स सहज मिळतात, तीच ट्यूब छताला असली तर खाली शंभरच्या आसपासच पोचतात. गुलाबी-जांभळ्या ‘ग्रो लाइट’ची गरज नाही. रोज बारा तास चालवली तर महिन्याला साधारण सात युनिट. टायमरचा प्लग घेतलात तर गावाला गेलात तरी ट्यूब आपली आपण चालू-बंद होईल, आणि झेडझेडला तेवढ्या दिवसांत पाण्याची आठवणही होणार नाही.