ग्राहकाच्या खरेदीच्या सवयी कशा घडत गेल्या, हे समजून घ्यायला मानववंशशास्त्राची मदत कशी होते?

साडीच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, "नेसायला हवी की द्यायला?" माझ्या मते तुमचं उत्तर तिथूनच सुरू होतं. "द्यायला" म्हटलं की वेगळाच गठ्ठा निघतो. मग पोत, रंग मागे पडतात. त्यांच्याकडून मागच्या लग्नात काय आलं होतं, मोठ्या जावेला दिली त्याहून ही हलकी तर दिसणार नाही ना, याचा विचार आधी होतो. माझ्या आईकडे आहेराची वही होती. कुठल्याही कार्याची खरेदी ती वही उघडल्याशिवाय होत नसे.

निव्वळ उपयोगाच्या हिशेबाने ही खरेदी वेडेपणाची आहे. घेणारीला ती साडी फारशी आवडलेली नसते, मिळणारी ती बहुधा नेसणार नसते, पुढच्या कार्यात ती तिसरीकडे जाते. मानववंशशास्त्र इथे विचारतं, ही वस्तू कुणाकडून कुणाकडे जाते, आणि जाताना कुठलं नातं बांधते?

पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ आजच्या पापुआ न्यू गिनीमधल्या ट्रोब्रिएंड बेटांवर राहिला. तिथली माणसं होड्या घालून दूरच्या बेटांवर जात आणि शिंपल्यांच्या माळा देऊन शंखाची कडी घेत. माळा एका दिशेने फिरायच्या, कडी उलट दिशेने. कुणी ती कायमची ठेवून घेत नसे. या व्यवहाराला कुला म्हणतात. पुढे 1925 मध्ये मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने भेटवस्तूंबद्दल मांडलं की देणं, स्वीकारणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच आहेत. आपल्या भाषेत तर ‘देणंघेणं’ हा एकच शब्द आहे!

तुम्ही सवयी ‘घडण्या’बद्दल विचारलंय, त्यासाठी सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाचं साखरेवरचं काम (1985) मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 1650 च्या सुमारास इंग्लंडात साखर श्रीमंतांकडे, औषधासारखी किंवा मसाल्यासारखी वापरली जायची. 1900 पर्यंत तिथल्या आहारातल्या जवळपास एक पंचमांश कॅलरी साखरेतून येत होत्या. जिभेची आवड एवढंच कारण याला पुरत नाही. कॅरिबियन मळ्यांवर गुलामांच्या कष्टातून साखर स्वस्त झाली, आणि कारखान्यात राबणाऱ्या घरांना रांधायला वेळ उरला नाही. गोड गरम चहा असला की गार पावही जेवणासारखा लागायचा. ‘ग्राहकाची पसंती’ म्हणतात तिच्यामागे एवढं सगळं असतं, आणि ते झाकून कुणी नुसतं मार्केटिंग शिकवलं की मला खरंच वाईट वाटतं.

पद्धतीचाही फरक पडतो. प्रश्नावलीत "साडी घेताना काय बघता?" विचारलं तर बहुतेक जणी "क्वालिटी" म्हणतील. तुम्ही अभ्यासासाठी कुणाच्या घरी गेलात, तर त्याऐवजी कपाटातली द्यायच्या साड्यांची पिशवी दाखवाल का, असं विचारा. कुठली कुणाकडून आली आणि कुणासाठी ठेवलीय, हे त्या आपणहून सांगू लागतील.