आई-बाबांना जर्मन शिकवायचं असेल तर आधी आकडे

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा तुमच्याकडे जर्मनीत आलेत, आईने 'गुटन टाग'पासून बरीच वाक्यं पाठ केलीत, पण बेकरीतली बाई उलट काही बोलली की त्या गांगरतात आणि आता एकट्या बाहेर पडायलाच तयार नाहीत. कोणतं ॲप घेऊन देऊ, असं विचारलंय. हे वाचून मला आमचे सुरुवातीचे दिवसच आठवले.

ॲप कुठलंही घ्या, फरक पडत नाही. माझं मत विचाराल तर त्यांचं बोलणं पुरेसं आहे, ऐकणं कमी पडतंय. (मी भाषेची शिक्षिका नाही. मुलीकडे जाऊन-येऊन जे कळलं ते सांगतेय.)

आमचं काय झालं ते सांगते. आमच्या ह्यांची पिशवी ट्राममध्ये राहिली. आत बीपीच्या गोळ्या. शहराचं नाव घेत नाही, पण तिथल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात आम्ही दोघंच गेलो, कारण लेक-जावई कामावर. टोकन मिळालं ४७. आकडे दाखवणारा पडदा बंद, त्यामुळे आतून बाई तोंडी पुकारत होती, आणि वेगवेगळ्या कामांच्या रांगा असल्याने आकडेही उलटसुलट येत होते. तिने 'झीबन-उंट-फीर्त्सिश' म्हटलं, म्हणजे 'सात आणि चाळीस', आमचाच सत्तेचाळीस. ह्यांचा जन्म बँकेत इंग्रजी आकडे मोजण्यात गेलेला. आधी सात ऐकू आलं, मग चाळीस, म्हणजे चौऱ्याहत्तर असणार म्हणून निवांत बसून राहिले. नंतर खिडकीशी गेलो तर उत्तर एकच, नवीन टोकन घ्या. शुक्रवार होता, दुपारी बाराला शटर. टोकन हातात, माणसं समोर, बारा वाजायला अजून पाच मिनिटं, तरी नाही म्हणजे नाही. नियम पाळावेत, मान्य. पण पडदा बंद असल्याचं साधं कागदावर लिहून लावायला काय जात होतं? असो. जर्मनीत बीपीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे शनिवार-रविवार काय गेला ते विचारू नका. पिशवीपेक्षा डॉक्टरची फी महाग पडली.

सोमवारी नंबर लागला तेव्हा दुसरी गंमत. 'माझी पिशवी हरवली आहे' हे वाक्य मी इतकं घोटून नेलं होतं की खिडकीतल्या बाईला वाटलं, हिला जर्मन येतं! तिने जो पट्टा सोडला त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. प्रत्यक्षात ती चारच गोष्टी विचारत होती: कधी, कुठल्या नंबरची ट्राम, कुठल्या दिशेची, रंग कोणता. शेवटी लेकीने फोनवरून निस्तरलं.

म्हणून आईंना आता नवीन वाक्यं देऊ नका. आकडे द्या, तेही कानाने. आपल्याला ते खरं तर सोपे जायला हवेत. सत्तेचाळीसमध्ये आपणही सात आधीच म्हणतो, जर्मन तेच करतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? जुन्या पद्धतीचा निदान इथे तरी उपयोग होतो. आईंना इंग्रजीतून नको, मराठीतूनच आकडे लावू द्या. आमच्याकडे नातवंडं जर्मनमध्ये आकडे पुकारून हाउजी खेळतात. त्याने जेवढं झालं तेवढं पुस्तकाने झालं नाही.

वेळेचा घोळ वेगळाच. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. डॉक्टरची वेळ घेताना हे हमखास चुकतं, तेव्हा कागदावर आकड्यात लिहून घ्यायला सांगा. कोणी नाही म्हणत नाही.

स्टेशनवरच्या घोषणांतले 'ग्लाइस' म्हणजे फलाट, 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द, 'एंडेट हीर' म्हणजे गाडी इथेच संपतेय, उतरा, एवढे कानावर बसले की पुष्कळ. आणि गाडी वाटेत दुभंगते हे सांगून ठेवा. म्युनिकची एस-१ ही लोकल नॉयफार्न स्टेशनला दोन भागांत फुटते, एक भाग विमानतळाला जातो, दुसरा फ्रायझिंगला. डब्यावरची पाटी वाचायची सवय लावा, चढलं की झालं असं नाही.

त्यांना खरंच एक वाक्य द्यायचं असेल तर 'हळू बोला' एवढं द्या, 'लांगझाम, बिटं'. बाकी व्याकरण, डेर-डी-डास वगैरे राहू द्या. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला पिशवी स्त्रीलिंगी की नपुंसक याने काय फरक पडतो?

जाता जाता, भाषेशी संबंध नाही तरी. बाबांच्या गोळ्यांची नावं ब्रँडची नको, आतल्या औषधाच्या मूळ नावाने लिहून दोघांच्याही पर्समध्ये ठेवा. आपले ब्रँड तिथल्या औषधवाल्याला ओळखू येत नाहीत. जिवावरचं नसेल पण दवाखाना बंद असेल तर ११६११७, आणि खरंच जिवावरचं असेल तर ११२. हे दोन्ही नंबर आईंकडून जर्मनमध्ये म्हणवून घ्या. तेवढीच आकड्यांची उजळणी.