कामगंध सापळ्यातले पतंग मोजून बोंडअळीची फवारणी ठरवता येते का?

हो, येते. कामगंध सापळा म्हणजे मादी पतंगाच्या वासाची गोळी (ल्युर) लावून नर पतंग पकडणारा सापळा. सलग ३ रात्री एका सापळ्यात दर रात्री सरासरी ८ किंवा जास्त पतंग सापडले की कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीची वेळ झाली असं समजा. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग हीच पातळी सांगतात. कारण साधं आहे. या पतंगांच्या अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, छिद्र बुजतं, मग औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) वरून हिरवीगार दिसते आणि कीड आत असते. शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपणही काढायचा, यात पैसा जातो आणि नेमकी वेळही हुकते.

पेरणीनंतर दीड महिन्यानं एकरी २ सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजून आकडा तारखेसह वहीत लिहा, मेलेले काढून टाका. मोबाईलवरचं ॲप नसलं तरी काही अडत नाही, पण नोंदीत खंड पडू देऊ नका.

मात्र एकट्या सापळ्यावर विसंबू नका. त्यात फक्त नर येतात, आणि ल्युर जुनी झाली किंवा रात्री जोराचा पाऊस झाला की आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून आठवड्यातून एकदा शेतात वेगवेगळ्या जागची २० हिरवी बोंडं तोडून चिरून पाहा. त्यातल्या २ बोंडांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं, तर सापळ्यात पतंग कमी असले तरी फवारणी करा.